वीस मिलिमीटर

चारुशीलाताईंनी डावा हात माझ्या टेबलावर उताणा ठेवला आणि म्हणाल्या, "पाहा पंकजभाऊ. हे बोटं घेऊन मी आता कणीक कशी मळू?"

पाहावंसं वाटत नव्हतं, तरी पाहिलं. पहिल्या बोटाचा फोड फुटून आत पिवळट पू साचला होता. मधल्या बोटाला तारेची आडवी चीर पडली होती, कडा पांढऱ्या पडून उलट्या वळल्या होत्या. मलमाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास एकत्र येत होता. नागपूरच्या कळमना बाजारात त्यांची फळांची अडत आहे. सासरे थकल्यापासून लिलावाला त्या स्वतः उभ्या राहतात. मृग बहराची संत्री जोरात होती तेव्हा, म्हणजे फेब्रुवारीचा शेवट. दिवसभर संत्री हाताळायची आणि त्याचा रस या चिरांत जायचा.

"गिटार इथंच ठेवा," त्या म्हणाल्या. "कोणाले द्यायची त्याले देऊन टाका. माह्या घरात नको."

"काहून? क्लासमधे अंकुश सर काही बोलले?"

त्यांनी एकेक शब्द वेगळा करून सांगितलं. दुपारच्या बॅचमध्ये सगळ्यांसमोर अंकुश सरांनी त्यांचा हात वर धरला होता आणि म्हणाले होते, "ताई, हे हात संत्र्याच्या पेट्या उचलाले बरे. गिटारले बोटात जान लागते." सगळे हसले. त्याच हाताचा फोटो काढून सरांनी क्लासच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'अजून रक्त यायचं आहे.'

हा त्या क्लासचा रिवाजच होता. दर रविवारी विद्यार्थ्यांनी सोललेल्या बोटांचे फोटो पाठवायचे. ज्याची बोटं सगळ्यात वाईट, त्याचा फोटो छापून भिंतीवर. मनीषनगरातल्या त्या हॉलमध्ये शिरलं की समोर देवाची तसबीर असावी तशी ही भिंत दिसायची. लाल, निळ्या, फुगलेल्या बोटांच्या चौकटीच चौकटी. लहान मुलांच्या बोटांच्यासुद्धा. आईबाप त्या भिंतीपुढे उभे राहून सेल्फी काढत.

मीही त्याच सरांचा विद्यार्थी. माझे वडील उमरेडला हातमागावर विणायचे. माग बंद झाला तेव्हा आम्ही नागपूरला आलो, आणि मी शिकलो ते काम त्यांच्या कामापासून फार लांबचं नाही. एका फ्लॅट स्कीमच्या तळमजल्यावर माझी खोली आहे, तिथं मी गिटारी दुरुस्त करतो. माझं निम्मं काम सरांकडून यायचं. म्हणून पुढचं सांगताना मला माझीच किळस येते, पण सांगायला हवं.

त्या गिटारीत काय बिघडलं आहे हे मला चारुशीलाताई येण्याच्या दीड वर्ष आधीपासून माहीत होतं.

गिटारीच्या मानेवर अगदी वर एक पांढरी पट्टी असते, तिला नट म्हणतात. खाली पोटावर ब्रिज असतो. या दोन टेकूंच्या मधे तार जेवढी मोकळी वाजते, ती तिची स्केल लेंग्थ. एखाद्या गिटारीची सहाशे अठ्ठावीस मिलिमीटर असते, एखादीची सहाशे अठ्ठेचाळीस. दोन्ही चांगल्या. लांब तार त्याच सुरात आणायला जास्त ताणावी लागते, म्हणून ती बोटाला कडक लागते, आवाज मात्र उजळ, खणखणीत निघतो. आखूड गिटारीची तार मऊ, आवाज जरा गोल, भरीव. आखूड गिटारीत फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्याही, जवळजवळ येतात, छोट्या हाताला बरं पडतं. ज्याला जे जमेल ते त्यानं घ्यावं. फक्त एक गोष्ट कधीच चुकायची नाही. मानेवरचे फ्रेट ज्या लांबीच्या हिशोबानं बसवले असतील, ब्रिज त्याच लांबीवर हवा. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर पडला पाहिजे.

सरांनी 'सहा तारा' या आपल्या क्लासच्या नावानं बाहेरून गिटारी बनवून घेतल्या होत्या. पहिल्या लॉटच्या दहा गिटारी तारा लावायला माझ्याकडे आल्या. मी टेप लावली. नटपासून बारावा फ्रेट तीनशे चौदा. बाराव्या फ्रेटपासून ब्रिज तीनशे चौतीस. तार दाबली की सूर किंचित चढतो म्हणून ब्रिज दोनेक मिलिमीटर मुद्दाम मागे ठेवतात. वीस नाही ठेवत. बनवणाऱ्याकडे आखूड गिटारीच्या माना उरल्या असतील, त्यानं त्या लांब गिटारीच्या पोटाला चिकटवून दिल्या होत्या.

मी सरांना फोन केला. ते दहा मिनिटांत आले, खुर्चीवर बसले, बिस्किट खात खात ऐकलं.

"पहिल्या फ्रेटवर वाजवून दाखव," ते म्हणाले.

मी वाजवलं. तिथं फरक नखाएवढा, कळणारसुद्धा नाही.

"चौथ्यावर?"

"थोडा उतरते सर. पाचव्यावर कान ओळखते. बाराव्यावर तर पाऊण सूर राहते, अख्खा लागतच नाई. ट्यूनरचा काटा अर्ध्यावर येऊन थांबते."

"मग बाराव्यावर जातेच कोण गा पहिल्या वर्षी?" सर हसले. बिस्किटाचा ओला चुरा त्यांच्या दातांत दिसला. "नियमच करून टाकतो. वर्षभर चार फ्रेटच्या पुढे जायचं नाई. शिस्त म्हणतात याले."

"पण सर, ताणही जास्त आहे. त्यावर तुमी एवढ्या जाड तारा लावाले सांगता..."

"जाड तारेनं आवाज मोठा येते. मायबापाले मोठा आवाज पाहिजे. तू तारा लाव, पंक्या. पुढच्या लॉटले करून देतो बरोबर."

पुढचा लॉट आला, त्यातही वीस मिलिमीटर. त्याच्या पुढचाही तसाच. मी तारा लावत राहिलो. ब्रिज चुकलेला, त्यावर जाड तारा, त्यावर तारांची उंची अशी की खालून पेन्सिल जावी. मी ती उंची थोडी घासून कमी करायचो आणि स्वतःला सांगायचो की चला, तेवढा तरी त्रास कमी केला. आपण किती चांगले आहोत असं वाटून घ्यायला माणसाला किती थोडं पुरतं.

चारुशीलाताईंचा हात पाहिला त्या दिवशी मात्र ते पुरलं नाही.

"ताई, तुमच्या हातात काही कमी नाई," मी म्हणालो. "गिटारच चुकीची आहे."

मी टेप काढली. त्यांच्यासमोर दोन्ही मापं घेतली, कागदावर लिहिली. बाराव्या फ्रेटवर तार छेडली आणि तिच्या शेजारी खरा सूर ऐकवला. बाईंना संगीताचं फारसं येत नव्हतं, पण कान होता. दोन सूर एकमेकांत अडकून आंबट, थरथरता आवाज निघाला तसं त्यांनी तोंड वाकडं केलं.

"म्हणजे काटा मारला त्यानं," त्या म्हणाल्या. कळमन्यातल्या माणसाला एवढं समजायला दुसरं काही लागत नाही. "सरांले माहीत आहे?"

"हो."

"आन तुमाले?"

मी टेप गुंडाळत राहिलो.

"तुमाले कधीपासून माहीत होतं, पंकजभाऊ?"

"दीड वर्ष झालं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त टेबलावरचा हात उचलून मांडीवर घेतला. सडकं फळ हातात आलं की माणूस जसा हात मागे घेतो, तसा. मग म्हणाल्या, "ही दुरुस्त होते का?"

"होते."

"मग करा. आन रविवारी क्लासमधे घेऊन या. तुमीच या."

ते काम मला चार दिवस पुरलं. ब्रिज गरम करून पातळ पट्टीनं हळूहळू सोडवला. जुनी भोकं बुजवली, आतून लाकडाची नवी फळी चिकटवली, आणि ब्रिज अठरा मिलिमीटर पुढे आणून बसवला. जुन्या जागी डिंकाचा काळपट, चौकोनी डाग राहिला. तो लपवता आला असता, मी लपवला नाही. बारीक तारांचा संच चढवला, नटच्या खाचा खोल केल्या. पहिल्यांदा छेडलं तेव्हा तीच गिटार आहे हे खरं वाटेना. आवाज पहिल्यापेक्षा लहान होता, पण मऊ आणि भरलेला होता, आणि बारावा फ्रेट जिथं लागायला हवा तिथं लागत होता. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या डोक्यात एकच, की अशा साठेक गिटारी मी माझ्या हातानं बाहेर पाठवल्या आहेत.

रविवारी सकाळी हॉल भरलेला होता. वार्षिक कार्यक्रमाची तालीम होती, पालकही बसले होते. भिंतीवर ती बोटं. अंकुश सर पांढऱ्या कुर्त्यात, खुशीत. मी दिसलो तसे म्हणाले, "ये गा पंकज. आमचे गिटारीचे डॉक्टर!"

चारुशीलाताई पहिल्या रांगेतून उठल्या. बोटांना पट्ट्या होत्या. त्यांनी शेजारच्या मुलीच्या हातातली 'सहा तारा' घेतली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बारावा वाजवून दाखवा सगळ्यांले."

मी वाजवला. मोबाइलवरचा सूर मोजणारा ट्यूनर लावून पुढच्या रांगेत फिरवला. मी काय बोललो ते नीट आठवत नाही. फ्रेट, ब्रिज, वीस मिलिमीटर, असं काहीतरी.

सरांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग हसत हसत पालकांकडे वळले. "लाकूड आहे, आपला नागपूरचा उन्हाळा आहे, थोडंफार होतच राहते. मशीन काय सांगते ते जाऊ द्या. प्रशिक, ये बरं."

प्रशिक क्लासचा सगळ्यात चांगला मुलगा, वीस वर्षांचा. पहिल्या लॉटची गिटार त्याच्याकडे गेली होती, आणि चार फ्रेटचा नियम सरांनी फक्त त्याच्यासाठी मोडला होता. भिंतीवर त्याच्या बोटांच्या चौकटी सगळ्यात जास्त. तो खाली मान घालून आला, आपली गिटार घेऊन बसला आणि वाजवू लागला. वरच्या फ्रेटवरची एक संथ धून होती. आणि ती सुरात होती. एकही स्वर उतरलेला नाही. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

"आता सांग," सर मला म्हणाले. "गिटार खराब असती तर हे कसं वाजलं असतं?"

मीही क्षणभर गोंधळलो. मग माझं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. उतरलेला सूर चढवायला तो प्रत्येक स्वर दाबताना तार नकळत वर ढकलत होता. पाचव्यावर थोडी, नवव्यावर जास्त, बाराव्यावर बोट पांढरं पडेपर्यंत. या पोराचा कान इतका खरा होता की खोट्या गिटारीतून त्यानं खरा सूर ओढून काढला होता. दीड वर्ष, रोज, जाड तारेवर. म्हणून त्याची बोटं भिंतीवर होती.

मी चारुशीलाताईंची गिटार त्याच्यापुढे धरली. "प्रशिक, तेच परत यावर वाजव."

त्यानं सुरुवात केली आणि तिसऱ्या स्वरालाच पालकांमधे चुळबुळ झाली. सगळं चढं वाजत होतं. ही तार मऊ, फ्रेट जागेवर, आणि त्याची बोटं सवयीनं ढकलतच होती. तेवढ्याच जोरानं ढकलली तर मऊ तार जास्त चढते. जी धून आत्ता हृदयात गेली होती ती कानात खुपायला लागली. एक लहान मुलगा हसला. प्रशिक थांबला, पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागला. पुन्हा तसंच.

"पाहा!" सर म्हणाले. "ताईची गिटार या पंक्यानं बिघडवून टाकली."

प्रशिकनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो आपली बोटं पाहत होता. हळूच म्हणाला, "पुण्यात असंच झालं होतं."

दिवाळीनंतर तो पुण्याला एका बँडच्या निवडीला गेला होता. तिथं त्याला त्यांची गिटार दिली. पाच मिनिटांत परत पाठवलं, सूर नाही म्हणून. सरांनी क्लासमध्ये सांगितलं होतं की पोरगा घाबरला. पोरानंही तेच मानलं होतं. तेव्हापासून तो दिवसाचे आणखी दोन तास वाजवायचा, त्याच गिटारीवर.

"सर," त्यानं विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, हे मी कधी विसरणार नाही. त्यांनी बोट माझ्याकडे केलं. "तारा यानं लावल्या. माप यानं घेतलं. मले का विचारतो? याले विचार."

प्रशिक माझ्याकडे वळला. "दादा?"

"मले माहीत होतं," मी म्हणालो. "मी सरांले सांगितलं, त्यांनी गप्प राहाले लावलं, आन मी राहिलो."

वाटलं, आता काहीतरी होईल. कोणी ओरडेल, कोणी गिटार आपटेल. एक बाप उठला. मला वाटलं सरांची कॉलर धरतो. तो मला म्हणाला, "ओ भाऊ, कार्यक्रम दोन आठवड्यांवर आला. आता हे काहून काढून राहिले? तुमचं काही भांडण असन तर बाहेर पाहा." मागून एक बाई म्हणाल्या, "सरांनी पोरांले मेहनत शिकवली. आमच्या पोरीचा फोटो आहे भिंतीवर." आणि त्या पोरीनं, दहा वर्षांची असेल, आपली चार बोटं वर करून दाखवली. अभिमानानं. नखांच्या कडेला काळं रक्त सुकलेलं होतं.

मी बाहेर येऊन नालीवर ओकलो. चहाटपरीवाल्यानं पाणी दिलं. चारुशीलाताई मागून आल्या, गिटार गाडीत ठेवली. "मी यांच्यात पुन्हा जाणार नाई," त्या म्हणाल्या. "आन पंकजभाऊ, तुमच्याकडेही नाई येणार. काम चांगलं केलं तुमी. पण नाई येणार." त्यांनी गाडी सुरू केली आणि गेल्या.

कार्यक्रम दोन आठवड्यांनी झालाच. महिन्याभरात सरांनी नव्या गिटारी आणल्या. यातली मापं बरोबर होती. जाहिरातीत लिहिलं होतं, 'अचूक सुरांची नवी सहा तारा'. जुन्या गिटारींचा शब्दही नव्हता. माझी तारा लावायची कामं दुसऱ्याकडे गेली. भिंत आहे तशीच आहे. मधे एकदा त्या रस्त्यानं जाताना आत डोकावलो, तर चौकटी वाढल्या होत्या.

मी ओळखीच्या सगळ्यांना निरोप दिला की जुनी गिटार आणा, फुकट दुरुस्त करून देतो. साठांपैकी तेवीस आल्या. बाकीच्यांपैकी काही म्हणाले की सरांना वाईट वाटेल. एकानं सांगितलं की पोराला आता त्या आवाजाची सवय झाली, राहू द्या. मी ब्रिज सोडवत राहिलो, चिकटवत राहिलो. त्यानं माझ्या मनातली घाण कमी झाली असं मी म्हणणार नाही.

जुलैत एका दुपारी प्रशिक आला. त्या रविवारी हॉलमधून गेल्यानंतर त्यानं गिटार हातात धरली नव्हती. बोटांची कातडी भरून आली होती. दारातच उभा राहून म्हणाला, "तुमच्याकडे बरोबर मापाची गिटार आहे?"

मी एक काढून दिली. पाणी विचारलं, त्यानं नको म्हटलं. माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसला. बाराव्या फ्रेटवर बोट ठेवलं, तार छेडली. बोट ढकललं गेलंच. त्यानं हात पॅन्टला पुसला.

"दादा, तुमी माफी वगैरे काही मागू नका," तो तसाच पाठमोरा म्हणाला. "मले ऐकाची नाई. माह्या कानावर आता भरोसा नाई, फक्त सांगा, सूर वर गेला का खाली."

त्यानं पुन्हा तार छेडली.

"वर," मी म्हणालो.

पुन्हा छेडली.

"वर."